यशया ५३ : 'तो' कोण आणि 'आम्ही' कोण?

अक्षरओळ
यशयाच्या ग्रंथातला हा उतारा ज्यू आणि ख्रिस्ती, दोघांच्याही शास्त्रात आहे. देवाचा एक सेवक आहे. लोक त्याला तुच्छ लेखतात, त्याच्यापासून तोंड फिरवतात. तो दुखणाईत आहे, मार खातो, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहतो, दुष्टांबरोबर पुरला जातो. आणि अखेर तोच वंश पाहतो, दीर्घायुषी होतो, बलवानांबरोबर लूट वाटून घेतो. मधे 'आम्ही' म्हणणारं कोणीतरी कबूल करतं, की त्यानं हे सोसलं ते आमच्या अपराधांपायी. ख्रिस्ती वाचनात हा सेवक म्हणजे मशीहा (देवानं वचन दिलेला तारणारा राजा), येशू. ज्यू वाचनात आज बहुतेक करून इस्राएल लोक.

यावर मराठीत जे वाचायला मिळतं ते बरंचसं प्रवचनाच्या अंगानं जातं, म्हणून हा धागा काढतोय. मत कोणतंही मांडा, पण वचन कुठलं आणि शब्द कुठला ते सांगून मांडा.

आधी वाचायच्या रीतीबद्दल. ५३:१ पासून सुरुवात करू नका, ५२:१३ पासून करा. उतारा ५२:१३ ते ५३:१२ असा एकूण पंधरा वचनांचा आहे. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात ख्रिस्ती विद्वानांनी घातले आणि इथे अध्यायाची रेघ नेमकी उताऱ्याच्या मधून गेली. ५२:१३ मध्ये देव 'माझा सेवक' म्हणतो, ५३:११ मध्ये पुन्हा 'माझा सेवक' म्हणतो. या दोन टोकांच्या मधे 'आम्ही' बोलतात. रेघेपाशी थांबलं की ५२:१५ वाचायचं राहून जातं. तिथे राजे अवाक होऊन तोंड मिटतात, कारण पूर्वी कधी न ऐकलेलं त्यांना कळतं. आणि लगेच पुढचं वाक्य येतं : आम्ही ऐकलं त्यावर विश्वास कोणी ठेवला? हे 'आम्ही' म्हणजे ते राजे, की संदेष्टा आणि त्याचे लोक? सगळा वाद या सांध्यावर उभा आहे.

दुसरं, छापील पानावर पेन्सिलीनं सर्वनामं रंगवा. 'मी', 'आम्ही', 'तो', 'ते' आणि ५२:१४ मधलं 'तू' (हो, एका वचनापुरतं सेवकाला 'तू' म्हटलंय, पुष्कळ भाषांतरं ते 'तो' करून टाकतात). ५३:८ मधल्या 'माझे लोक' भोवती मोठं वर्तुळ करा.

तिसरं, मागची पानं उलटा. ४१:८, ४४:१, ४४:२१, ४५:४, ४८:२० या सगळ्या ठिकाणी सेवक म्हणजे याकोब किंवा इस्राएल, नाव घेऊन. ४९:३ मध्येही 'तू माझा सेवक, इस्राएल'. आणि दोनच वचनांनी, ४९:५-६ मध्ये, त्याच सेवकाला इस्राएलला परत आणायचं काम दिलंय. या दोन वचनांशी झटापट न करता जो निकाल देतो, त्याचा निकाल मला घाईचा वाटतो.

रेवस_जेट्टी
उत्तम सुरुवात. ज्यू वाचनाचा कणा त्या सांध्यातच आहे. ५२:१५ मधले राजे ५३:१ मध्ये बोलू लागतात. इतकी शतकं ज्यांना आपण पायदळी तुडवलं त्यांना देव उंच करतोय हे पाहून ते चकित होतात. 'आम्हाला वाटलं, देवानंच त्याला मारलं' ही त्यांची जुनी समजूत, आणि आता कळलं की तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला.

हिब्रूतले तीन शब्द ज्यू भाष्यकार पुढे करतात.

५३:८ चा शेवट 'नेगा लामो'. 'लामो' हे सहसा अनेकवचन, 'त्यांना'. म्हणजे घाव 'त्यांना' लागला. सेवक हा समूह.

५३:९ मधलं 'बेमोताव', शब्दशः 'त्याच्या मरणांमध्ये'. एका माणसाला मरण एकच.

५३:१० मधलं 'झेरा', म्हणजे बीज, संतती. 'वंश पाहील, आयुष्य वाढेल.' तरुणपणी निपुत्रिक मेलेल्याला हे कसं लागू करायचं?

चौथा मुद्दा अव्ययाचा. ५३:५ मधलं 'मिप्पेशाएनू' यातलं 'मि' म्हणजे 'पासून, मुळे'. आमच्या अपराधांमुळे त्याला जखमा झाल्या, म्हणजे आम्ही त्या केल्या, असा अर्थ सरळ निघतो. 'आमच्या बदली' हा अर्थ त्या अव्ययात नाही. तो घ्यायचा तर पुढच्या वचनांतून घ्यावा लागतो.

ताम्हन
रेवसदादा, शब्द बरोबर, पण तिन्हींना त्याच शास्त्रातून उत्तर आहे.

'लामो' : यशया ४४:१५ पाहा. माणूस मूर्ती कोरतो आणि 'लामो' पुढे दंडवत घालतो. मूर्ती एकच आहे. म्हणजे याच ग्रंथात तो शब्द एकवचनी चालतो. शिवाय जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, या जागी 'मरणाकडे नेला गेला' असं आहे. त्या भाषांतरकारापुढे बहुधा 'लामावेत', म्हणजे 'मरणाला', हा शब्द होता.

'मरणं' : यहेज्केल २८:१० मध्ये सोरच्या एका अधिपतीला 'तू बेसुंत्यांची मरणं मरशील' असं म्हटलंय. माणूस एक, मरणं अनेकवचनी.

'झेरा' : यशया ५७:४ मध्ये 'खोट्याचं बीज' आहे, तिथे ते रक्ताच्या नात्यानं येत नाही.

आता ख्रिस्ती बाजूचा माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा. ५३:९ म्हणतं, त्यानं हिंसा केली नाही, त्याच्या तोंडी कपट नव्हतं. आणि हाच ग्रंथ इस्राएलबद्दल काय म्हणतो? १:४ मध्ये पापी राष्ट्र, ४२:१९ मध्ये आंधळा सेवक, ४२:२४ मध्ये परमेश्वराविरुद्ध पाप केल्यामुळे लुटला गेलेला. निर्दोष सेवक आणि दोषी लोक हे एकच कसे? 'माझ्या लोकांच्या अपराधामुळे' यातले 'माझे लोक' हे संदेष्ट्याचे लोक मानले की सेवक त्यांच्याहून वेगळा होतोच.

मात्र आमच्याकडची एक सवय सोडायला हवी. ५२:१५ मधलं 'याझ्झे' हे क्रियापद पुष्कळ प्रवचनांत 'शिंपडील' असं घेऊन थेट रक्ताच्या शिंपडण्यावर नेलं जातं. लेवीय या शास्त्रातल्या नियमग्रंथात हे क्रियापद आहे खरं, पण तिथे शिंपडतात ते रक्त किंवा पाणी, आणि ज्यावर शिंपडायचं त्याच्याआधी 'अल', म्हणजे 'वर', येतं. इथे 'अल' नाही, राष्ट्रं थेट कर्म आहेत. ग्रीक भाषांतरात 'चकित होतील' आहे. एवढ्या डळमळीत शब्दावर अख्खा सिद्धांत उभारू नये.

घाटवाट
दोन प्रश्न. एक, 'सेवक म्हणजे इस्राएल' हा अर्थ रशी या ज्यू भाष्यकारानं अकराव्या शतकात काढला, त्याआधी सगळे ज्यू मशीहाच मानत, असं वारंवार वाचलंय. खरं का? दोन, तालमूदमध्ये (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांच्या जुन्या ग्रंथात) हे वचन मशीहाला लावलंय म्हणतात, ते कुठे?

रेवस_जेट्टी
पहिल्याचं उत्तर 'नाही', आणि पुरावा ख्रिस्ती लेखकाचाच आहे. ओरिगेननं सुमारे २४८ साली सेल्सस या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराला उत्तर म्हणून जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्या भागात (१:५५) तो सांगतो : विद्वान ज्यूंशी चर्चा झाली तेव्हा मी ही वचनं पुढे ठेवली, ते म्हणाले, हे एका व्यक्तीबद्दल नसून विखुरल्या गेलेल्या सगळ्या लोकांबद्दल आहे. रशीच्या आधी आठशे वर्षं! ओरिगेननं त्यांना ५३:८ मधल्या 'माझ्या लोकांच्या' या शब्दांवर अडवलं, म्हणजे ताम्हनताईंचा वरचा मुद्दाही तेवढाच जुना.

रशी (१०४०–११०५) फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, शिकला वर्म्स आणि माइन्झला. १०९६ च्या पहिल्या क्रूसेडमध्ये याच दोन गावांत ज्यूंची कत्तल झाली. इस्राएल हा दुःख भोगणारा सेवक, हा अर्थ त्या पिढीला किती जवळून भिडला असेल ते समजू शकतं. पण अर्थ त्याचा शोध नाही.

आणि रशीचं ५३:४ वरचं भाष्य वाचाच. तो म्हणतो, इस्राएलच्या यातनांनी सर्व राष्ट्रांना प्रायश्चित्त मिळावं म्हणून त्याला पीडा झाली; जे दुखणं आमच्यावर यायचं ते त्यानं उचललं. म्हणजे एकानं दुसऱ्यासाठी सोसणं ही कल्पना रशीलाही मान्य आहे. 'ज्यू धर्मात दुसऱ्यासाठी दुःख भोगणं बसतच नाही' असं दोन्ही बाजूंचे लोक ठोकून देतात, ते या एका परिच्छेदापुढे टिकत नाही. वाद सोसण्यावर नाही, कोणी कोणासाठी सोसलं यावर आहे.

पिंपळपान
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तालमूदचा सान्हेद्रिन नावाचा भाग, पान ९८ब. मशीहाचं नाव काय यावर चर्चा चाललीय. रब्बी शीलाचे शिष्य म्हणतात शीलो, रब्बी यन्नायचे म्हणतात यिन्नोन, रब्बी हनीनाचे म्हणतात हनीना. प्रत्येक शाळा आपल्या गुरूच्या नावाशी जुळणारं नाव सांगते आणि त्याला एक वचन जोडते. त्याच ओघात येतं : 'रब्बीच्या घरचा महारोगी', आणि आधार यशया ५३:४. महारोगी का, तर ५३:४ मधला 'नागुआ' हा शब्द 'नेगा' या शब्दाच्या घरचा आणि लेवीय १३-१४ मध्ये कातडीच्या रोगाला 'नेगा' म्हणतात. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही इथे 'महारोग्यासारखा' असंच आहे. दोन परंपरा, शब्द ऐकण्याचा कान एकच.

इथे नेहमी होणारी चूक : हे एक वाक्य उचलून 'तालमूदनं कबूल केलं' म्हणणं. त्याच तालमूदमध्ये सोटा १४अ वर ५३:१२ मोशेला लावलंय (त्यानं लोकांसाठी आपला जीव पणाला लावला, निर्गम ३२:३२), आणि बेराखोत ५अ वर ५३:१० कोणत्याही दुःखी भक्ताला. मिद्राशची, म्हणजे रब्बींच्या वचन उलगडण्याची, पद्धतच अशी, एक वचन अनेक ठिकाणी पेरलं जातं. उलट 'तालमूदमध्ये असं काही नाहीच' म्हणणंही तितकंच चूक.

तार्गुम योनाथान, म्हणजे अरामी भाषांतर, याहून गुंतागुंतीचं. ५२:१३ मध्ये ते सरळ 'माझा सेवक मशीहा' म्हणतं. पण पुढे दुःखाची वचनं येतात तशी ती मशीहावरून काढून इतरांवर टाकत जातं. ५३:५ मध्ये तो आमच्या पापांनी भ्रष्ट झालेलं मंदिर बांधतो; ५३:७ मध्ये कोकरासारखे कापायला जातात ते राष्ट्रांमधले बलवान. फक्त ५३:१२ मध्ये 'जीव मरणाला दिला' हे शिल्लक राहतं. मशीहा हवा तर पहिलं वचन दाखवायचं, नको तर पाचवं, असं करू नये. पंधराही वचनं दाखवावीत.

घाटवाट
मग ज्यू परंपरेत दुःख भोगणारा मशीहा आहे की नाही?

पिंपळपान
आहे, पण मध्यभागी नाही. सान्हेद्रिन ९८अ मध्ये मशीहा रोमच्या वेशीपाशी रोगजर्जर गरिबांत बसलाय. बाकीचे सगळ्या जखमा एकदम सोडतात आणि बांधतात. तो एकेक सोडतो, एकेक बांधतो, बोलावणं आलं तर उशीर नको म्हणून. सुक्का ५२अ मध्ये योसेफाच्या वंशातला मशीहा मारला जातो, आधार जखऱ्या १२:१०. पेसिक्ता रब्बाती या मिद्राशच्या ग्रंथात (३६-३७) एफ्राइम नावाचा मशीहा सर्वांचं दुःख स्वखुशीनं पत्करतो.

तरी कसोटी ठरते ती कामावर. रामबाम (मैमोनिदीस) हा ज्यू धर्मशास्त्री राजांविषयीच्या नियमांच्या अकराव्या अध्यायात लिहितो : दावीदाच्या वंशातला राजा मंदिर बांधील, विखुरलेल्यांना गोळा करील, तर तो मशीहा नक्की, यश आलं नाही किंवा मारला गेला तर वचन दिलेला तो हा नव्हे. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकीवानं मशीहा मानलं होतं, तो मारला गेल्यावर कळलं. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही की याच रामबामनं ११७२ च्या सुमाराच्या येमेनला लिहिलेल्या पत्रात ५३:२ मशीहालाच लावलंय.

नावांत घोटाळा करू नका. रामबाम वेगळा, रामबान (नहमानिदीस) वेगळा. जुलै १२६३ मध्ये बार्सिलोनाला आरागोनचा राजा जेम्स पहिला याच्यासमोर ख्रिस्ती झालेला ज्यू पाब्लो क्रिस्तियानी याच्याशी वाद झाला तो रामबानचा. त्याची भूमिका अशी : मिद्राश हे वचन मशीहाला लावतात हे मान्य, सरळ अर्थ मात्र इस्राएल, आणि मशीहाला लावलं तरी त्यातून येशू सिद्ध होत नाही.

ताम्हन
वधस्तंभाचा मुद्दा दुसऱ्या शतकातच आला होता. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या ग्रंथात त्रिफो नावाचा ज्यू म्हणतो, मशीहा दुःख भोगेल हे चालेल, पण वधस्तंभावर कसा? अनुवाद २१:२३ प्रमाणे टांगलेला शापित. लेखणी ख्रिस्ती आहे हे लक्षात ठेवून वाचावं, पण अडचण खरी होती. पौलानं गलतीकरांना ३:१३ मध्ये त्याच शापाला तोंड दिलंय.

नव्या करारात हा उतारा कसा वापरलाय तेही तपासा, अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं. मत्तय ८:१७ मध्ये ५३:४ येतं ते आजार बरे करण्यासंबंधी, मरणासंबंधी नाही. योहान १२:३८ आणि रोम १०:१६ मध्ये ५३:१, लोकांच्या अविश्वासासाठी. लूक २२:३७ मध्ये येशू स्वतः ५३:१२ मधलं 'अपराध्यांत गणला गेला' एवढंच म्हणतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये इथिओपियाचा अधिकारी रथात ५३:७-८ वाचतोय, आणि उद्धरण 'माझ्या लोकांच्या अपराधांमुळे' या शब्दांच्या अगदी आधी थांबतं. पापं वाहून नेली, त्याच्या माराने तुम्ही बरे झालात, हे उघडपणे जोडतं ते १ पेत्र २:२२-२५. म्हणून 'नवा करार पानोपानी यशया ५३ मधून प्रायश्चित्त शिकवतो' असं लिहिण्याआधी ही यादी समोर ठेवावी.

सांजवेळ
मृत समुद्राच्या गुंडाळीत काय आहे? तिथे 'प्रकाश' शब्द आहे म्हणतात.

पिंपळपान
मृत समुद्राकाठच्या कुमरानची यशयाची मोठी गुंडाळी १९४७ मध्ये मिळाली. चामड्याचे १७ तुकडे शिवलेले, ५४ स्तंभ, लांबी सव्वासात मीटरच्या वर, काळ ढोबळमानाने इ.स.पू. दुसरं शतक. येशूच्या आधीची प्रत, त्यामुळे 'ख्रिस्ती लोकांनी नंतर घुसडलं' आणि 'ज्यूंनी नंतर बदललं' हे दोन्ही आरोप या उताऱ्यापुरते मिटले. मजकूर आजच्या हिब्रू पाठाशी पुष्कळच जुळतो.

फरक आहेत ते असे. ५३:११ मध्ये 'पाहील' नंतर 'ओर', म्हणजे प्रकाश. हा शब्द कुमरानच्या आणखी दोन प्रतींत आणि ग्रीकमध्येही आहे, परंपरागत हिब्रू पाठात नाही. इथे जुना पाठ 'प्रकाश पाहील' असावा असं मलाही वाटतं. ५३:८ मध्ये 'माझे लोक' ऐवजी 'त्याचे लोक'. एका अक्षराचा फरक, पण वर ज्याभोवती वर्तुळ काढायला सांगितलंय तोच शब्द! ५२:१४ मध्ये 'विद्रूप' या शब्दाला शेवटी 'योद' हे एक अक्षर जास्त आहे. काही जण त्यावरून 'मी अभिषेक केला' वाचतात आणि मशीहा तिथेच सापडला म्हणतात. वाक्यात ते नीट बसत नाही, शब्दाचं जुनं रूप एवढंच असण्याचा संभव जास्त.

सांजवेळ
आणि सिनेगॉगमध्ये हा अध्याय मुद्दाम वगळतात, 'निषिद्ध अध्याय' आहे, ते?

रेवस_जेट्टी
निषिद्ध नाही. प्रत्येक छापील तनाखमध्ये (ज्यूंच्या शास्त्रात) तो आहे, रशीपासून सगळ्यांची भाष्यं त्यावर आहेत. शब्बाथला तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वर्षभरात पूर्ण वाचतात, संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून फक्त हफ्तारा, म्हणजे निवडक उतारे. तिशा बाव (मंदिराच्या विध्वंसाचा उपवास) नंतरच्या सात सांत्वनाच्या हफ्तारा यशयातल्या : 'शोफ्तिम' हा तोराचा भाग वाचतात त्या आठवड्यात ५१:१२ ते ५२:१२ आणि पुढच्या आठवड्यात ५४:१-१०. मधला भाग गळतो हे खरं. ख्रिस्ती वादामुळे गाळला असेल अशी शंका घेता येते. पण सेवकाच्या चार गीतांपैकी (४२:१-४, ४९:१-६, ५०:४-९ आणि हे, ही विभागणी डूम यांनी १८९२ मध्ये केली) पहिली दोनही बहुतेक ज्यू समाजांच्या हफ्तारामध्ये नाहीत. तिसरं मात्र आहे, आणि त्यात सेवक पाठीवर मार खातो. दुःखी सेवक लपवायचाच असता तर तेही ठेवलं नसतं.

घाटवाट
'दोषार्पण' म्हणजे नक्की काय? ५३:१० तिथेच अडतं.

अक्षरओळ
हिब्रू 'आशाम'. लेवीय ५-६ मध्ये नियम आहेत : पवित्र वस्तूंत किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेत अफरातफर केली तर मूळ रक्कम, तिच्यावर पाचवा हिस्सा, आणि एक निर्दोष मेंढा. म्हणजे त्यात भरपाई आहे. नुसत्या पापार्पणाहून, 'हत्तात'हून, हे वेगळं. १ शमुवेल ६ मध्ये पलिष्टी कराराचा कोश परत पाठवतात तेव्हा सोन्याच्या पाच गाठी आणि पाच उंदीर 'आशाम' म्हणून देतात; तिथे बळी नाही, भरपाईच आहे. त्यामुळे ५३:१० मध्ये येशूचं बलिदान पाहणाऱ्यांनी मेंढ्याबरोबर भरपाईचाही विचार करावा, आणि 'माणसाचा बळी तोरात निषिद्ध, म्हणून हा अर्थ अशक्य' म्हणणाऱ्यांनी शब्दाची ही दुसरी बाजू पाहावी. 'आशाम'चं वाक्य 'इम', म्हणजे 'जर', नं सुरू होतं, तेही बऱ्याच भाषांतरांत हरवतं.

मराठीत हा वाद नवा नाही. जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ साली बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. हेतू धर्मप्रसाराचा, पण त्या शिक्षणाचा उपयोग बेने इस्राएलांनी आपल्या प्रार्थना समजून घ्यायला, त्या मराठीत आणायला केला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणलं.

सांजवेळ
घरात कोणी दीर्घ दुखण्यात असेल तर यातलं कोणतं वाचन हाताला लागतं? वादाच्या पलीकडचं विचारते आहे.

पिंपळपान
बेराखोत ५अ-५ब पूर्ण वाचा. ५३:१० घेऊन तिथे 'प्रेमाची दुःखं' ही शिकवण आहे : देव ज्याच्यावर प्रसन्न, त्याला तो पीडेनं ठेचतो. पण अट लगेच येते, आशाम जसा समजून-उमजून द्यायचा तसं दुःखही त्या माणसानं स्वतः पत्करलेलं हवं. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून हे बोलायचं नाही. आणि पुढच्याच बाजूला रब्बी योहानान आजारी शिष्याला विचारतो, ही दुःखं तुला प्रिय आहेत का? तो म्हणतो, तीही नकोत आणि त्यांचं फळही नको. योहानान त्याला उपदेश करत नाही. म्हणतो, हात दे. आणि उठवतो. नंतर योहानान स्वतः आजारी पडतो तेव्हा त्यालाही दुसरा कोणी हात देतो, कारण, तालमूद म्हणतं, कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

ताम्हन
ख्रिस्ती बाजूनं मत्तय ८:१७ इथे परत घ्या. तिथे 'त्यानं आमचे रोग वाहिले' हे वचन पेत्राच्या तापानं फणफणलेल्या सासूला हात लावून उठवल्यानंतर येतं. ५३:४ आणि ५३:५ एकत्र करून 'विश्वास असेल तर आजार राहणारच नाही' असं रोग्याला सांगणारे आहेत. त्या वचनात तसं आश्वासन नाही, आणि बरं न झालेल्या माणसावर अविश्वासाचा दोष येतो. हे करू नका.

घाटवाट
शेवटचं. स्तोत्र २२ मधलं 'हातपाय विंधले' ज्यू प्रतीत सापडत नाही. वचन १६ पाहिलं.

पिंपळपान
१७ पाहा. हिब्रू छपाईत स्तोत्राच्या शीर्षकालाही क्रमांक असतो, म्हणून एक आकडा पुढे जातो. परंपरागत पाठ 'काआरी', सिंहासारखे. ग्रीकमध्ये 'खणले'. मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवेरला मिळालेल्या जुन्या प्रतीच्या तुकड्यात शेवटचं अक्षर 'योद' नसून 'वाव' दिसतं, 'काआरू', म्हणजे क्रियापद. पण त्या क्रियापदाचा नेमका अर्थ पक्का नाही, आणि 'विंधले' हा त्यातून काढलेला एक अर्थ. नव्या करारात स्तोत्र २२ अनेकदा येतं, पण हे वचन कुठेही उद्धृत केलेलं नाही. जखऱ्या १२:१० शी ते मिसळू नका. तिथलं क्रियापद 'दाकारू' वेगळं आहे, आणि त्याचा अर्थ 'भोसकलं' असा स्पष्ट आहे.